तिच्या गोष्टीतली आई सख्खीच असायची

दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे आमच्या कर्जतला शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गोष्ट सांगायची ती दिवे लागल्यावर, जेवणंखाणं उरकल्यावर. पण आमच्या आळीतल्या एका म्हातारीचं सगळंच उफराटं. ही गोष्ट सांगायची ती भर दुपारी, उखळापाशी, हातात मुसळ धरून, आणि दिवा लागला की तोंड मिटून घ्यायची ते दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत. आळीतल्या बायका धुसफुसायच्या. एकीचा भाऊ पनवेलहून निघाला तो दोन दिवस उशिरा पोचला, तर ती तणतणत हिच्या दारात आली आणि हवं ते बोलून गेली. हिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पोचला ना तुझा भाऊ? मग बस, पेज घे.

आळी तिला घाटीण म्हणायची. तोंडावर तेच, पाठीमागंही तेच. मी मावशी म्हणायचे. मोठ्या दुष्काळात घाटावरून खाली उतरलेली बाई. पंधरा-सोळा वर्षं आमच्यात काढली तरी तिचं 'न्हाई' काही आमच्या 'नाय'मध्ये मिसळलं नाही. आधी काही वर्षं रुळांखालची खडी फोडली, पाठ गेल्यावर लोकांचं दळण-कांडण धरलं. रेल्वेच्या खोल्यांमागं तिचं झोपडं होतं, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, मधोमध उखळ. बुटकी, रुंद हाडाची, चेहऱ्यानं रागीट. पदराला कायम गाठ आणि गाठीत मूठभर भाजलेले चणे. देवळात जाताना तेच, बाजाराला तेच, कुणाच्या घरी मयत झालं तरी तेच. मी एकदा म्हटलं, अहो मावशी, मयताला चणे कशाला? तर म्हणाली, लागत्यात. एवढंच. जास्त विचारायची सोय नव्हती, डोळे वटारायची.

उपाशी पोराला तिच्याकडं गोष्ट मिळायची नाही. प्रत्येकानं यायचं ते मुठीत काहीतरी घेऊन यायचं. तांदळाची कणी, नाचणी, वरी, घरात असेल ते. ते सगळं एका मडक्यात पडायचं, त्याची पेज व्हायची, पोरं ती प्यायची आणि मग गोष्ट सुरू व्हायची. ज्याच्या घरून मूठ यायची नाही त्याला पेज जास्त. एवढा सोस कशाला म्हणून कुणी टोकलं की सांगायची, उपाशी पोटी ऐकली की गोष्ट खरी वाटती, पोरं भितात. आणि पोरांनी गोष्टीत पेंगायचं नाही. कुणाची मान कलली की मुसळाच्या टोकानं अशी ढोसायची की पोर किंचाळायचं. आया म्हणायच्या, म्हातारी खुळी आहे.

तिच्या गोष्टींची गंमत काय सांगू. राजा असायचा, पण त्याचे हत्ती-घोडे गेले कुठं कोण जाणे. ती पहिल्यांदा सांगायची ते राजाच्या कोठारात किती धान्य उरलंय ते. राजकन्या दिसायला कशी, विचारलं तर म्हणायची, दोन येळा जेवलेली, आनि कशी. राजकन्येला सोडवायला कुणी आला तर त्यानं बरोबर भाकरी आणली होती का, हे आधी. आणि शेवट ठरलेला. किती राक्षस मेले, किती राज्यं मिळाली, ते तिच्या खिजगणतीत नाही. "आन मंग ती जेवली," म्हणायची आणि मुसळ उचलायची. पोरी विचारायच्या, आणि लग्न? तर म्हणायची, पोट भरलं की लोक लगीन करत्यातच, त्ये काय सांगायचं.

पण तिचा खरा हट्ट होता तो आईचा. तिच्या गोष्टींत सावत्र आई नव्हतीच. पोरांना रानात सोडून आली ती सख्खी आई. ताटातलं काढून घेतलं ते सख्ख्या आईनं. लेकीला म्हाताऱ्या राक्षसाला देऊन बदल्यात ज्वारीचं पोतं आणलं तेही सख्ख्या आईबापांनी. ऐकणाऱ्याला कसंतरी व्हायचं. एका वर्षी देवळात उत्सव होता, दुपारचं कीर्तन रंगात आलेलं, बुवा दोन राण्यांची गोष्ट लावून सावत्र राणीच्या दुष्टपणाचं वर्णन करत होते आणि बायका पदरानं डोळे पुसत होत्या. ही खांबाशी बसलेली, उभी राहिली आणि भर कीर्तनात म्हणाली, म्हाराज, ती सख्खीच असंल, नीट इचारून घ्या. मृदंगवाल्याचा हात थांबला. बुवांनी हसण्यावारी नेलं, पण पुढं रंग काही चढला नाही. लोकांनी हिला बाहेर काढली. मी मागोमाग गेले आणि देवळाच्या पायरीवर बसून पोट धरून हसले. आळीत माझ्याइतकं कुणाला हसू आलं नसेल, कारण मी स्वतः सावत्र आई होते.

ते सांगते. माझं माहेर खालापूरकडचं, साजगावच्या अंगाला. मी पंधराची झाले, अंगानं थोराड, रंगानं काळी, त्यामुळं बिजवराला दिली. नवरा कर्जत स्टेशनात सांधेवाला, गाड्यांसाठी रूळ बदलणारा. माणूस सज्जन, बोलायला महाग. त्याला पहिल्या बायकोची सात वर्षांची मुलगी. मी उंबरठा ओलांडला तेव्हा ती दाराआड उभी राहून माझे हात बघत होती. शेजारणींनी तिचे कान आधीच भरून ठेवलेले. सावत्र आली, आता जपून खा गं. सावत्र जेवणात कालवते, सावत्र रानात नेऊन सोडते. पोर माझ्या हातचं खाईना. मी ताट वाढलं की उठून शेजारी जायची, तिथं उष्टंमाष्टं खायची, आणि शेजारीण मला ऐकू जाईल अशा आवाजात हळहळायची. मी पंधराची हो. मलाच आईची आठवण यायची. चुलीपुढं बसून रडायचे आणि धूर गेला म्हणायचे.

चार-पाच दिवस असेच गेले. मग मावशी आमचं भात कांडायला आली. आली तशी तिनं पाहिलं, ताट वाढलेलं, पोर दाराशी, मी चुलीशी. विचारलं काहीच नाही. उखळ ओढून घेतलं आणि पोरीला गोष्ट लावली. एका बाईनं दोन लेकरं रानात नेली आणि तिथं सोडून दिली. पोर म्हणाली, सावत्र ना ती? मावशी म्हणाली, सख्खी. पोर म्हणाली, सख्खी कशी सोडंल? मावशीनं मुसळ थांबवलं. ते शब्द मला अजून पाठ आहेत.

"घरात एकाच लेकरापुरतं उरलं म्हंजी सख्खीच सोडती गं. सावत्र कशाची सोडती? तिच्यावर आख्ख्या गावाचा डोळा. तिनं पोराला साधी शिंक आनली तरी लोक दारात गोळा होत्यात. जा, जेव जा. सावत्रीच्या घरातलं पोर उपाशी न्हाई ऱ्हात."

पोर माझ्याकडं बघत राहिली. मग येऊन ताटावर बसली आणि भाकरीबरोबर आणखी बोंबील मागितला. ती माझी थोरली. आता तिला नातवंडं आहेत आणि अजून ती माझ्याकडं आली की आधी बोंबील मागते.

पोर जेवून खेळायला गेल्यावर मावशीनं मला तिचं सांगितलं. आळीत हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं, कधी कुणी विचारलंच नव्हतं. दुष्काळात नवरा वाटेतच गेला. पाठीशी तान्हा मुलगा, हाताला पाच वर्षांची मुलगी. कुसूरचा घाट उतरली तेव्हा अंगात एकाच पोराला वाहून नेण्याइतकं बळ उरलेलं. मुलीला आता चालवत नव्हतं. पायथ्याशी ठाकरांची वाडी दिसत होती, धूर निघत होता, म्हणजे तिथं चुली होत्या. वाडीच्या वाटेवर एका झाडाखाली तिनं मुलीला बसवलं आणि सांगितलं की बस हितं, तुझा मामा येतोय न्यायला. पोर पदर सोडीना. तेव्हा मांडीवर घेऊन गोष्ट सांगितली, भर दुपारी. पोर थकलेली, गोष्ट अर्धी होते न होते तोच झोपली. मग ही उठली आणि मुलाला घेऊन चालू लागली.

"मामा कुठला आलाय," ती मला म्हणाली. "मला भाऊच न्हाई."

कर्जतला पोचल्यावर आठवड्याच्या आत मुलगाही गेला. ही उभी राहण्याजोगी झाली तशी परत त्या झाडाकडं गेली. तोवर दोन पावसाळे उलटलेले. ठाकरांची वाडी उठून दुसऱ्या डोंगराला गेली होती. झाड होतं, बाकी काही नव्हतं. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी डोंगरातून ज्या ठाकरणी मोळ्या घेऊन उतरत त्यांची तोंडं ती निरखून बघायची. पाच वर्षांची पोर आता कशी दिसत असेल, काय ओळखणार? पण बघायची. तिला तेवढंच हवं होतं जगात. पोर जिती असावी आणि एकदा आई म्हणावी. हे तिनं मला सरळ शब्दांत सांगितलं. आणि दिवे लागल्यावर गोष्ट का सांगत नाही तेही तेव्हाच कळलं. रात्री गोष्ट सांगितली की पोरं झोपतात. तिला तिच्या गोष्टीत पुन्हा कुठलंच पोर झोपायला नको होतं.

मग तो दिवस आला. बाजाराचा दिवस, ऊन तापलेलं, अंगणात सात-आठ पोरं बसलेली, मी बाजूला सूप घेऊन तांदूळ पाखडत होते. गोष्ट चांगली मध्यावर आली होती. एवढ्यात कुडाशी एक ठाकरीण येऊन उभी राहिली. डोक्यावर मोळी, कडेला पोर, गळ्यात मण्यांच्या माळा. वीस-एकवीसची असेल. मोळी विकायला आली असेल म्हणून मी बघितलं, तर ती मावशीकडं रागानं बघत होती.

"म्हातारे, दिसाची गोष्ट नको सांगूस," ती म्हणाली. "माझा मामा वाट चुकला तो अजून नाय आला."

पोरं हसली. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मावशीच्या अंगात जीव होता की नाही कोण जाणे. मुसळ वर उचललेलं, ते हळूहळू खाली आलं आणि उखळाच्या कडेवर टेकलं. ती रडेल, धावेल, त्या बाईच्या गळ्यात पडेल असं मला वाटलं. तिनं विचारलं, जेवलीस का?

ठाकरीण बसली, पेज प्यायली, आणि पिता पिता सांगत गेली. सांगायला तिला काही अवघड वाटत नव्हतं, तिच्या दृष्टीनं ती जुनी गोष्ट होती. लहानपणी एका बाईनं तिला झाडाखाली बसवलं, दिवसा गोष्ट सांगितली आणि निघून गेली. गोष्ट दिवसाची, म्हणून मामा चुकला. एका ठाकरानं तिला उचलून वाडीत नेलं. त्या नवराबायकोला मूलबाळ नव्हतं, त्यांनी फार जीव लावला. ती रात्री रडायची तेव्हा ती ठाकरीण आई तिला समजवायची की सख्खी आई लेकराला सोडत नाय, ती सावत्र असंल, तुझी आई वाटेत मेली असंल. हिला ते पटलं. आता दर वर्षी नवा भात शिजला की ती पहिला घास पानावर घेऊन बांधावर ठेवते, मेलेल्या आईच्या नावानं. हे सांगताना तिचा चेहरा किती मऊ झाला होता. मावशी तिच्या पोराला चणे भरवत होती, मान खाली घालून.

ती गेल्यावर मी उठलेच. म्हटलं, धावत जाते, स्टेशनापर्यंत गाठते, परत आणते. मावशीनं माझं मनगट धरलं. पकड अशी की मला हलता आलं नाही.

पुढं प्रत्येक बाजाराला ती यायची. पाटलाच्या दारात मोळी टाकून सरळ आमच्या मावशीकडं. मावशी आदल्या दिवसापासून लगबग करायची. चांगला तांदूळ निवडून ठेवायची, साजगावच्या जत्रेतून मी आणलेले बोंबील माझ्याकडून मागून न्यायची, आणि मला वर दटावायची की पोरांपुढं बोलशील तर बघ. ठाकरणीलाही तिचा लळा लागला. म्हातारे म्हातारे करायची, तिच्या अंगणात पोर सोडून बाजार करून यायची. एकदा तिच्या टाचेत बाभळीचा काटा खोल मोडला होता. मावशीनं तिचा पाय मांडीवर घेतला, सुईनं काटा काढला, चुना लावला, आणि काम झालं तरी पाय काही सोडला नाही. ठाकरीण हसून म्हणाली, म्हातारे, सोड की. मी तोंड फिरवलं, मला बघवेना.

मी मात्र मावशीचं डोकं खाल्लं. सांगून टाक, सांगून टाक. इतकी वर्षं जिची वाट बघितली ती समोर बसून पेज पिते आणि तू मुक्यानं बघत बसतेस, हे काय? आणि खरं सांगायचं तर यात माझाही थोडा राग होता. त्या पोरीच्या तोंडून दर खेपेला सावत्र, सावत्र ऐकायला मला आवडत नव्हतं. मी काय केलं होतं कुणाचं? शेवटी एकदा मावशी माझ्यावर उखडली.

"काय सांगू? तुझी आई जिती हाय, आन तिनं तुला टाकून पोरगा उचलला, असं सांगू? तिच्याजवळ एक आई हाय गं. मेल्याली हाय, पर चांगली हाय. ती तिच्याजवळनं काढून घिऊ, आन बदल्यात मला दिऊ?"

पण मला वाटत होतं की आज ना उद्या तिला राहवणार नाही. आईचा जीव तो, किती दिवस तग धरणार?

कार्तिकात नवा भात आला. ठाकरीण त्या बाजाराला मोळीबरोबर फडक्यात बांधून नवे तांदूळ घेऊन आली, म्हातारीसाठी. मावशीच्या पुढ्यात फडकं ठेवलं आणि पोराला तिच्या मांडीवर दिलं. मी तिथंच होते, माझं कांडण चाललं होतं. ठाकरीण फडक्याची गाठ सोडत बसली. मग म्हणाली, लोक सांगतात तू पण तेव्हाच घाटावरून उतरलीस. कुसूरच्याच वाटेनं.

"ती बाई तुला ठावं हाय का, म्हातारे?"

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता सांगते. मला आनंद झाला. किती वेडी होते मी.

"ठावं हाय," मावशी म्हणाली. "तुझी आई घाटमाथ्यावर गेली. तुला पोटाशी धरून गेली. तिच्या वाट्याचा घास शेवटपातुर तुला भरवायची, सवता न्हाई खाल्ला. ती असती तर तुला सोडली नस्ती. ती गेल्यावर तू सावत्रीच्या हातात आलीस. सावत्रीला तिचा सवताचा पोरगा व्हता. तिनं त्यो उचलला आन तुला बसवली."

"ती कुठं गेली?"

"म्या हाय ती."

ठाकरीण ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. मांडीवरून आपलं पोर उचलून घेतलं. पुढ्यात पेजेचं भांडं होतं, निम्मं प्यालेलं, ते बाजूला सरकवलं. उभी राहून मावशीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या हातचं खाल्लं मी." एवढंच म्हणाली आणि चालती झाली. तांदळाचं फडकं तिथंच राहिलं.

मी उठून तिच्यामागं जाणार होते, ओरडून सगळं सांगणार होते. मावशीनं मान हलवली. नको. मग माझ्या हातातलं मुसळ काढून घेतलं, मला खाली बसवलं, आणि म्हणाली, "तुझ्या नावाला डाग लावला पोरी. मला माफ कर." आयुष्यभर जिनं भर कीर्तनात उठून आम्हा सावत्र आयांची बाजू घेतली, तिनं शेवटी आम्हालाच पुढं केलं होतं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू, अंग पेटलं होतं. पण तिचा चेहरा बघून तो राग टिकेना. तिनं मला लहान मुलीसारखं विचारलं, "आता ठेवंल ना गं घास? तिच्या आईचा?" मी म्हटलं, ठेवेल. दर वर्षी ठेवेल. ती म्हणाली, मंग झालं.

दुसऱ्या दिवशी पोरं मुठीमुठीतून कणी घेऊन आली. मला वाटलं, आज काही ती गोष्ट सांगत नाही. तिनं सांगितली. नेहमीसारखीच, उन्हात, मुसळ धरून. आणि त्या गोष्टीतली आई सख्खीच होती.

मी आता पोराबाळांना, नातवंडांना गोष्टी सांगते. आमच्या लहानपणी ऐकलेल्या गोष्टींत किती पोरं रानात सोडलेली, किती लेकी विकलेल्या, किती घरांत शेवटची भाकरी आणि खाणारी तोंडं चार. सगळ्या दुष्काळाच्याच गोष्टी त्या. पण दुष्काळ सरला की लोकांना तो आठवायला नको होतो. आणि सख्ख्या आईनं असं केलं हे तर पोराला सांगवतच नाही. मग कुणीतरी, माझ्या मावशीसारखीच कुणी, पोराच्या तोंडाकडं बघून सावत्र आई आणून बसवते. दुष्काळ गळून पडतो आणि सावत्र तेवढी दुष्ट उरते. त्या दुपारी मी ते होताना माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून मला आता कुठल्याच गोष्टीतल्या सावत्रीचा राग येत नाही.

ठाकरीण पुन्हा आमच्या आळीत आली नाही. बाजारात लांबून दिसायची. मावशी तिच्या वाटेत जायची नाही, कुणाच्या तरी छपरामागं उभी राहून बघायची आणि परत यायची. पुढं दोन-तीन वर्षांनी देशावर पुन्हा दुष्काळ पडला आणि पुन्हा घाटानं माणसं उतरायला लागली. मावशी पेजेचं मडकं घेऊन कुसूरच्या वाटेवर जाऊन बसायला लागली. लेकरं घेऊन उतरणाऱ्या बाईला अडवायची, तिला आणि लेकरांना पेज पाजायची, आणि म्हणायची की सोडायचं असंल तर माझ्याकडं सोड, वाटंवर नको. दोन पोरं खरोखरच तिच्याकडं राहिली. त्याच उन्हाळ्यात पटकीची साथ आली. उतरलेल्या माणसांना लागली, त्यांच्यात बसणारीला लागली. दुपारपर्यंत आजारी आणि संध्याकाळच्या आत गेली. मी तिच्या तोंडात पाणी घातलं. ती दोन पोरं मी घरी आणली. नवरा काही बोलला नाही, सज्जनच तो. तेव्हापासून मी तिघांची सावत्र.

पावसाळा उलटून गेल्यावर एका बाजाराला माझ्या दारात मोळी घेऊन ती ठाकरीण उभी. अंगानं वाळली होती. कडेवरचं पोर आता हाताला धरून चालत होतं. मावशीचं झोपडं बंद बघून आली असावी. मला म्हणाली, ती सावत्र म्हातारी?

मी म्हटलं, गेली. कशी गेली तेही सांगितलं. घाटाची वाट, पेज, पटकी, सगळं. ती ऐकत राहिली, मोळी डोक्यावर तशीच. मग विचारलं, तिचा पोरगा कुठं असतो? मी म्हटलं, तो तर त्याच वेळी गेला, कर्जतला पोचल्यावर आठवड्याच्या आत. हे तिला ठाऊक नव्हतं. ती खाली बघायला लागली.

"मग तिच्या नावाचा घास कोण ठेवतं?"

"कोण नाय," मी म्हटलं.

ती जराशी घुटमळली.

"मी ठेवीन," ती म्हणाली. "आईचा ठेवते ना, त्याच्या बाजूला एक तिचा. मला सोडली तिनं, पण भुकेली असंल."

दोन कशाला गं, एकच ठेव, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि तिच्या डोक्यावरची मोळी उतरवून घेतली.